विचारणाराची लाज

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी धाकटी पुतणी जळगांवाहून धुळ्यास घरीं आली, ती एक काम बरोबर घेऊनच आली. एरंडोल, पारोळें करीत सुमारें ९० किलोमीटरांचा प्रवास, पण दारांत पाऊल टाकतांच मुलगी म्हणाली, “मोठे काका, यंदा परीक्षा तुमची आहे!” ती संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षास आहे. त्या वर्षीं विद्यार्थ्यांस एक प्रकल्प करून दाखवावा लागतो. हिनें निवडलेला विषय असा, कीं कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या शंका संगणकावर वा हातांतील फोनवर लिहाव्या, सोबत्यांनीं व प्राध्यापकांनीं त्यांचीं उत्तरें तेथेंच लिहावीं, आणि तीं सर्व प्रश्नोत्तरें पुढच्या वर्षींच्या मुलांसाठीं जपून राहावीं. “यंत्राचें मी पाहतें, प्रश्न कसा विचारावा हें मात्र तुम्ही सांगा,” असें तिचें म्हणणें.

माझें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत आणि पुढें पाठशाळेंतील संस्कृत, एवढेंच. संगणकाचें मला काय कळणार, असें म्हणून मी अंग काढून घेणार होतों. पण ‘प्रश्न’ हा शब्द कानीं पडला आणि सुमारें ३० वर्षांपूर्वींची एक गोष्ट मनांत आली. ती प्रथम सांगतों.

तेव्हां मी आठवीच्या वर्गास संस्कृत शिकवीत असें. व्यंजनसंधि चालला होता. फळ्यावर ‘तत् + च = तच्च’ असें लिहून मी मुलांकडून तें घोकून घेत होतों. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. साक्री तालुक्यांतील खेड्यांतून नुकताच आलेला, घरीं अहिराणी. त्यानें विचारलें, “गुरुजी, हाई कसाले?” हें कशाला, एवढाच त्याचा प्रश्न. ‘कसाले’ हा शब्द ऐकतांच वर्ग हंसला. वर्गाचें एक वेळ सोडा. पण मीही हंसलों. मुलगा खालीं बसला. वर्षभरांत त्यानें पुन्हां तोंड उघडलें नाहीं, आणि पुढच्या वर्षीं संस्कृत सोडून दिलें. त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानांत आलें, कीं इतर मुलें मला नेहमीं ‘काय’ विचारतात. ‘कां’ विचारलें तें त्यानें एकट्यानें. उद्यां उत्तर देऊं, असें म्हटलें. तें राहून गेलें.

कॉलेजांत याहून निराळें काय घडतें? जळगांव, धुळें व नंदुरबार या भागाचें विद्यापीठ १९९० सालीं जळगांवास झालें. त्यापूर्वीं आमच्या मुलांच्या पदवीवर पुण्याचा शिक्का असे; आतां सातपुड्याच्या पायथ्याचीं, तापीकांठचीं मुलें घराजवळ शिकतात. कित्येकांच्या घरांत कॉलेज पाहिलेलें हेंच पहिलें माणूस. तास संपतांना प्राध्यापक विचारतात, ‘कांहीं शंका?’ आणि वर्ग स्तब्ध. शंका असतात, पण त्या पोटांत राहतात. कोणास आपल्या बोलीची लाज, कोणास इंग्रजी न येण्याची, कोणा मुलीस सगळ्या वर्गानें वळून पाहण्याची. म्हणून पुतणीस मीं सांगितलें, “तुझ्या घराचा पाया येथें घाल. विचारणाराची लाज राखलीस, तरच बाकीचें यंत्र उपयोगाचें.”

त्यावर तिनें मला एक हकीकत सांगितली. पूजा संकर या बाई कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें शिकत असतां त्यांच्या वर्गांत मुली मोजक्याच होत्या. मुलगे एकत्र बसून एकमेकांस विचारीत. ह्या मात्र संकोचानें एकट्याच अडून राहत. पुढें अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेल्यावर २००९ सालीं त्यांनीं ‘पियाझा’ ही प्रश्नोत्तरांची व्यवस्था काढली. पियाझा म्हणजे इटालियन भाषेंत गांवचा चौक. तेथें विद्यार्थ्यास नांव न दाखवितां विचारतां येतें. विद्यार्थी मिळून एकच उत्तर सुधारीत जातात, आणि शिक्षकाचें उत्तर वेगळें दिसतें.

नांव झांकण्याची सोय झाली कीं टवाळखोरीही येते, ही माझी शंका. पुतणीनें तोड काढली. सोबत्यांस नांव दिसूं नये. परंतु प्रत्येकानें कॉलेजनें दिलेल्या खात्यानेंच आंत यावें, आणि गैरवर्तन झालेंच तर नेमलेल्या एका प्राध्यापकास तें नांव पाहतां यावें. घरांतल्या मुलाची चूक वडील माणसास कळते, गल्लीस कळत नाहीं, तसेंच हें.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठींत अशी व्यवस्था चालेल कीं नाहीं, ही भीति नको. मुंबईच्या आय. आय. टी. नें २००३ सालीं शेतकऱ्यांसाठीं ‘आक्वा’ नांवाची व्यवस्था काढली होती. त्या नांवाचा अर्थ, जवळजवळ सर्व प्रश्नांचीं उत्तरें. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञ उत्तरें देत. शेतकऱ्यास मराठींत, हिंदींत वा इंग्रजींत विचारतां येई, रोगट पिकाचें छायाचित्रही जोडतां येई. शेतकऱ्यास जें साधलें तें कॉलेजच्या मुलास कां साधूं नये?

अडचण आहे ती व्याकरणाची, आणि येथें माझें जुनें शिक्षण उपयोगी पडलें. नवा प्रश्न लिहिण्यापूर्वीं तोच प्रश्न आधीं कोणी विचारला आहे काय, हें यंत्रानें शोधून दाखवावयाचें. पुतणीनें ‘पाणी’ हा शब्द घालून पाहिला, तर ‘पाण्याचा उत्कलनबिंदु’ हा प्रश्न सांपडेना. मराठी नाम विभक्ति लागतांना आपलें रूपच पालटतें: ‘पाणी’चें ‘पाण्या’, ‘दोरा’चें ‘दोऱ्या’, ‘फूल’चें ‘फुला’. यंत्रास हें सामान्यरूप शिकविलें नाहीं, तर त्याला ते निराळेच शब्द वाटतात. आम्हीं दोघांनीं दोन संध्याकाळीं बसून नामांचे वर्ग पाडले आणि प्रत्यय तोडून मूळ शब्दाकडे जाण्याचे नियम लिहून काढले. ऱ्हस्वदीर्घ चुकलें, किंवा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिला, तरीही प्रश्न सांपडावा अशी तजवीज तिनें केली. शुद्धलेखनाचे गुण कापण्याची ती जागा नव्हे.

अहिराणींत किंवा लेवा बोलींत लिहिलेला प्रश्नही घ्यावा, उत्तर मराठींत असो, असा मीं आग्रह धरला. २०१८ पासून ज्यांचें नांव या विद्यापीठास आहे, त्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें, आणि त्यांची सारी वाणी घरच्या बोलींत होती. त्यांच्या नांवाच्या विद्यापीठांत बोलीची लाज वाटावी, हें बरें दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट प्रश्नाच्या घडणीची. ‘मला हा धडा समजला नाहीं’ असें लिहिणारास कोण आणि काय उत्तर देणार? मीमांसकांनीं अधिकरणाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगति. प्रश्नाच्या पानावर मीं पहिल्या तिहींस जागा मागितली. विषय म्हणजे कोणता भाग. संशय म्हणजे नेमकें कोठें अडलें. पूर्वपक्ष म्हणजे स्वतः काय समजलां, काय करून पाहिलें. पूर्वपक्ष लिहितां लिहितां पुष्कळांची शंका आपोआप फिटेल. सिद्धान्त उत्तर देणाराचा. आणि संगति, म्हणजे हा प्रश्न दुसऱ्या कोणत्या प्रश्नांशीं जोडलेला आहे, तें यंत्रानें शेजारीं दाखवावें.

चांगलें उत्तर कोणतें हें कोणी ठरवावें, यावर मात्र आमचें भांडणच झालें. २००८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रसिद्ध व्यवस्थेंत वाचक मतें देतात. ज्या उत्तरास मतें अधिक तें वर चढतें, व देणाराची पत वाढते. संगणकाच्या धंद्यांतील लोकांना तिचा फार उपयोग झाला. परंतु नवख्यास तेथें पुष्कळदां फटकारें बसत. २०१८ सालीं चालकांनीं स्वतःच तशी जाहीर कबुली दिली. मतें असोत, असें मीं म्हटलें. पण सत्य बहुमतानें ठरत नाहीं. विषयाच्या शिक्षकानें उत्तर पाहून ‘तपासलें’ अशी मोहोर उमटवावी, चुकलें असल्यास चूक कोठें तें लिहावें. जुना प्रश्न पुन्हां आला तर विचारणारास हांकलूं नये. हात धरून जुन्या उत्तरापाशीं न्यावें. दोन दिवस अनुत्तरित राहिलेला प्रश्न आपोआप सर्वांच्या वर यावा. शिक्षकांवर हें नवें ओझें, असें कोणी म्हणेल. पण तीच शंका दरवर्षीं दहा वेळां तोंडीं फेडण्यापेक्षां एकदां नीट लिहिणें सोपें. जन्मभर फळ्यावर लिहून पुसणाऱ्याचा हा अनुभव आहे.

माझ्या मुलानें आक्षेप काढला, कीं २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ‘चॅट जी. पी. टी.’ आल्यापासून यंत्रच क्षणांत उत्तर देतें, आणि त्याच्यापुढें लाजही वाटत नाहीं. मग हा खटाटोप कशास? आक्षेपांत तथ्य आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवरील नवे प्रश्नही तेव्हांपासून फार घटले. परंतु त्याच व्यवस्थेनें २०२२ च्या डिसेंबरांत अशीं यांत्रिक उत्तरें टाकण्यास बंदी केली, कारण तीं दिसावयास बरोबर आणि पुष्कळदां चूक असत. विद्यार्थ्यानें यंत्रास खुशाल विचारावें. पण तें उत्तर एकट्याच्या फोनमध्यें राहतें. शेजारच्या बाकावरील सोबत्यासही तीच शंका छळीत आहे, हें त्यास कळत नाहीं. आपण एकटेच मंद नाहीं, एवढें कळलें तरी मुलास धीर येतो.

शिवाय उत्तर देणाऱ्या माणसाचा एक गुण मला मोठा वाटतो. प्रश्नोपनिषदांत सहा जण हातांत समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. त्यांतला एक विदर्भाचा. ऋषि त्यांना वर्षभर राहावयास सांगतात. मग हवें तें विचारा, आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगूं, असें म्हणतात. त्या सहांतला सुकेशा सांगतो, कीं कोसलच्या राजपुत्रानें मला एक प्रश्न विचारला होता, आणि मला तें ठाऊक नाहीं असें मीं त्याला सांगितलें. उपनिषदानें हें कमीपणाचें मानलेलें नाहीं. म्हणून उत्तराच्या जागेखालीं ‘मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों’ असें एक बटण मीं पुतणीकडून ठेववून घेतलें आहे. प्राध्यापकांनीं तें अधूनमधून दाबलें, तर मुलांची लाज आपोआप निम्मी होईल.

यंत्र चालतें कीं नाहीं हें पाहण्यास तिला पहिला प्रश्न हवा होता. मीं म्हटलें, लिही: ‘तत् + च = तच्च. हाई कसाले?’ विचारणाराच्या नांवाची जागा रिकामी ठेवली. उत्तर मीं स्वतः एका बोटानें, अक्षर अक्षर शोधून लिहिलें: त् उच्चारतांना जीभ दांतांशीं असते, च् साठीं तिला टाळूशीं जावें लागतें; मध्यें स्वर नसल्यामुळें ती आधींच पुढच्या जागीं सरकते, म्हणून त् चा च् होतो. पाणिनीनें नियम केला तो लोकांच्या तोंडांत आधींच होता. प्रश्न उत्तम आहे.

असो. तो मुलगा आज कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. पुतणी जळगांवास परतली आहे, आणि तिच्या वर्गांतल्या मुलामुलींनीं व्यवस्था वापरून पाहण्यास आरंभ केला आहे. कॉलेज ती स्वीकारील तेव्हां स्वीकारील. वाचकांच्या घरीं मात्र रोज रात्रीं पंगत बसते. तेथें एखाद्या मुलानें वेडावाकडा प्रश्न विचारला, तर हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच एका जुन्या मास्तराची विनंति.