माळ रिकामा नसतो

पहिल्या पावसानंतर वसतिगृहामागील माळावर उगवणाऱ्या भूछत्रांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणत आम्ही विद्यार्थी ती पायाने उडवीत असू. त्याच माळावर वृक्षारोपण करावे, अशी सूचना या वर्धापनानिमित्त पुढे आली आहे. सूचनेमागील सद्भावनेविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि निर्णयापूर्वी एका परदेशी भूछत्राची हकीकत वाचकांसमोर ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ब्रिटनमधील जुन्या कुरणांत शरद ऋतूत ‘गुलाबी वॅक्सकॅप’ उगवते. तिची टोकदार टोपी उमलताना कडेने चिरते आणि घागऱ्यासारखी वर उचलली जाते. म्हणून तेथील लोक तिला ‘बॅलेरिना’, म्हणजे नर्तकी, म्हणतात. वर दिसणारे भूछत्र थोड्या दिवसांचे. जमिनीतील तंतूंचे जाळे मात्र वर्षानुवर्षे टिकून असते. त्याला निकस, न नांगरलेली जमीन आणि मेंढ्यांनी आखूड राखलेले गवत लागते. नांगर फिरला, रासायनिक खत पडले किंवा दाट झाडे लावली, की ते नाहीसे होते. परतण्यास कित्येक दशके लागतात. इंग्लंड व वेल्समधील सखल भागातील नैसर्गिक कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के कुरणे १९३० च्या दशकानंतरच्या अर्धशतकात नष्ट झाली. जागतिक लाल यादीत ही वॅक्सकॅप आज ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली आहे.

कार्डिफ शहरातील लॅनिशेन या एकोणिसाव्या शतकातील जलाशयावर घरबांधणीचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांनी दीर्घ लढा दिला. जलाशयाच्या बांधांवरील गवतात वॅक्सकॅपच्या अनेक जाती आढळल्याने त्या बांधांना कायदेशीर संरक्षण लाभले. जलाशय टिकला आणि २०२३ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुला झाला. त्या बांधांवर वॅक्सकॅप कोणी लावली नव्हती; तेथील माती कोणी बिघडवली नव्हती, इतकेच.

आपल्याकडेही माळरानाला सर्रास ‘पडीक’ म्हटले जाते, आणि झाडे लावणे हेच निसर्गरक्षण असे आपण मानतो. वास्तविक सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानाने माळढोकाला आसरा दिला, तो ते मोकळे गवताळ रान होते म्हणूनच. धनगरांची मेंढरे शतकानुशतके ज्यावर चरली, ती जमीन रिकामी कशी म्हणावी?

आमचे नम्र निवेदन एवढेच : झाडे अवश्य लावावीत, पण ती रस्त्याकडेला आणि क्रीडांगणाभोवती. माळ तसाच राखावा. विद्यार्थ्यांनी निदान तीन पावसाळे तेथील गवत, पक्षी आणि भूछत्रे यांची नोंदवही ठेवावी. जे नाव घेऊन ओळखता येते, तेच जपण्याची बुद्धी होते.

हिरवे गवत आणि बारीक जीव पायदळी तुडवले जाऊ नयेत, म्हणून भिक्खुसंघ पावसाळ्यात एका ठिकाणी वर्षावास करू लागला. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या विद्यालयास, पाऊल कोठे टाकू नये हे निराळे सांगावयास नको.