विश्लेषण : टीव्ही नवा, होम थिएटर ठणठणीत, तरी मागचे स्पीकर गप्प का?

कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या दुकानांतून मोठ्या पडद्याचे टीव्ही घरोघरी जातात. टीव्ही भिंतीवर चढला की माळ्यावरचे जुने होम थिएटर खाली उतरते. वायरी जोडल्या जातात, चित्रपट सुरू होतो आणि दहा मिनिटांत कोणीतरी विचारते, मागचे स्पीकर वाजत का नाहीत? पुढची पायरी ठरलेली असते. मेकॅनिकला फोन जातो, ॲम्प्लिफायर उघडला जातो, कधी नवे स्पीकरही आणले जातात. प्रत्यक्षात या तक्रारीत स्पीकर बिघडल्याची शंका सगळ्यात शेवटी घ्यायला हवी. बहुतेक वेळा आवाज वाटेतच गळालेला असतो आणि काही वेळा तर खोक्यावर '५.१' छापलेल्या संचात तो कधी येणारच नसतो.

'५.१' म्हणजे नेमके काय?

समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा मागे दोन, आणि फक्त खर्जासाठी एक, असे सहा वेगवेगळे ध्वनिमार्ग. चित्रपटगृहांत हा डिजिटल प्रकार १९९२च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मधून डॉल्बीने आणि १९९३च्या 'ज्युरासिक पार्क'मधून डीटीएसने रुजवला. घरात तो आला तो डीव्हीडीमुळे. येथे एक फरक लक्षात ठेवायचा: सहा स्पीकर असणे आणि सहा आवाज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या स्पीकरसाठीचा वेगळा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचलाच नाही, तर तो एकतर गप्प राहील किंवा समोरचेच पुन्हा वाजवेल.

आधी काय तपासावे?

चांगल्या रिसिव्हरमध्ये आणि अनेक साउंडबारमध्ये 'टेस्ट टोन' हा पर्याय असतो. तो सुरू केला की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने फस्स असा आवाज येतो. मागून आवाज आला, तर स्पीकर, वायर आणि ॲम्प्लिफायर तिन्ही ठीक आहेत. दोष त्यांच्या आधीच्या टप्प्यात शोधायचा. आवाज आला नाही, तर संच बंद करून मागच्या स्पीकरची वायर समोरच्या जागी लावून पाहायची. तेथे वाजला तर स्पीकर आणि वायर दोन्ही चांगले. मग रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये मागचे स्पीकर 'नाही' असे नोंदले गेले आहेत का, ते पाहावे. तेथेही नाही वाजला तर वायर बघावी. सोफ्याखालून नेलेली वायर उंदराने कुरतडलेली निघते, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. बिनतारी मागच्या स्पीकरवरचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा मुख्य संचाशी संपर्क तुटला आहे; वीज जाऊन आल्यावर असे होऊ शकते. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे जोडणी पुन्हा केली की काम होते.

आवाज गळतो कुठे?

चित्रपटाचा आवाज ॲप किंवा सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीत, टीव्हीतून केबलने ॲम्प्लिफायरमध्ये जातो. या साखळीतली एक कडी जरी दोन चॅनेलची असली, तरी पुढे दोनच चॅनेल जातात.

सगळ्यात जास्त फसगत करते ती लाल-पांढरी पिन. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून निघून होम थिएटरच्या 'ऑक्स'मध्ये जाणाऱ्या या वायरमध्ये एक डावा आणि एक उजवा, एवढीच सोय आहे. ब्लूटूथचेही तेच, फोनवरून किंवा टीव्हीवरून होम थिएटरला नेहमीच्या ब्लूटूथने जाणारा आवाज स्टिरिओच असतो. त्यामुळे यूट्यूबवरचा '५.१ टेस्ट' व्हिडिओ फोनवर लावून ब्लूटूथने होम थिएटर तपासणे म्हणजे पायलीच्या मापाने सोने मोजणे झाले.

'डीव्हीडी होती तेव्हा तर वाजायचे' ही तक्रारही खरी असते. त्या काळच्या संचात डीव्हीडी प्लेअर आत होता आणि डॉल्बीचे सहा आवाज वेगळे करणारे सर्किटही आतच होते. डिस्क लावली की सहाही मार्ग जिवंत व्हायचे. आज तोच संच टीव्हीला 'ऑक्स'ने जोडला जातो. संचात काहीही बिघडलेले नाही, फक्त त्याला पूर्वीचे खाद्य मिळत नाही. त्याच्या पाठीमागे ऑप्टिकल इनपुट असेल, तर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटला जोडून पाहावे. सहा आरसीए इनपुट असतील, तर मध्ये एक डिकोडर बसवता येतो. दोन्ही नसतील, तर त्यावर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही.

नव्या संचासाठी सरळ मार्ग एचडीएमआयचा आहे, पण टीव्हीच्या कोणत्याही एचडीएमआय पोर्टमधून आवाज बाहेर येत नाही. ज्या पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेले असते, त्यातूनच तो येतो. केबल बरोबर लागल्यावरही टीव्हीच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी पाहाव्या लागतात: आवाज बाहेरच्या संचाकडे वळवला आहे का, एचडीएमआय-सीईसी सुरू आहे का आणि डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर तर नाही ना. एआरसी आणि ऑप्टिकल दोन्हींतून पीसीएम दोनच चॅनेलचे जाते. ते 'बिटस्ट्रीम', 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करावे. अनेक घरांत ही एक ओळ बदलली की काम संपते. सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिकच्या मेनूतही असाच पर्याय असतो, तोही बदलावा लागतो. काही जुने टीव्ही मात्र बाहेरून आलेला आवाज ऑप्टिकलमधून स्टिरिओ करूनच पुढे देतात. तेथे बॉक्स थेट रिसिव्हरला जोडणे बरे.

पेनड्राइव्हवरच्या चित्रपटांची गोष्ट आणखी वेगळी. फाइलमधला आवाज डीटीएसचा असेल आणि टीव्हीला डीटीएस कळत नसेल, तर चित्र दिसते, पण आवाज अजिबात येत नाही. सॅमसंगने २०१८पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकले आहे.

मुळातच ५.१ नसेल तर?

डीडी फ्री डिशवरच्या मालिकेत किंवा बातम्यांत मागून काही ऐकू येण्याची अपेक्षा ठेवू नये. ओटीटीवर आवाजाच्या भाषेच्या यादीत '५.१' लिहिलेले असेल तरच तो सहा चॅनेलचा. एकाच चित्रपटाचा इंग्रजी आवाज ५.१ आणि हिंदी किंवा मराठी डब स्टिरिओ, असेही आढळते. शिवाय खऱ्या ५.१ मध्येही मागचे स्पीकर सतत बोलत नसतात; संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, मागून पाऊस, गर्दी, एखादे विमान एवढेच. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीकडे गेलेला असताना सोफ्याशेजारी कूलर घरघरत असेल, तर हा बारीक आवाज ऐकू येणे कठीणच. सोफा थेट मागच्या भिंतीला टेकवलेला आणि मागचे स्पीकर वायर पुरत नाही म्हणून टीव्हीशेजारी ठेवलेले, हेही नेहमीचे. बसणाऱ्याच्या नाकासमोरची दिशा शून्य धरली, तर हे स्पीकर दोन्ही बाजूंना १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे हवेत.

स्टिरिओ कार्यक्रमालाही मागून आवाज हवा असेल, तर रिसिव्हरवर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'प्रो लॉजिक २' निवडता येते. दोन चॅनेलमधून अंदाजाने सहा वाटे करण्याचा तो प्रकार आहे. गावातल्या मेकॅनिककडून जोडून घेतलेल्या अनेक '५.१' ॲम्प्लिफायरमध्येही हेच चालते. ऐकायला ते वाईट नसते, पण ते खरे ५.१ नव्हे.

दुकानदाराची जबाबदारी काय?

बाजारात ब्लूटूथ, यूएसबी, एफएम आणि 'ऑक्स' असलेले सहा स्पीकरचे संच '५.१ होम थिएटर' म्हणून विकले जातात. ना ऑप्टिकल, ना एचडीएमआय, ना सहा इनपुट. असा संच जन्मभर स्टिरिओच ऐकवणार. सहा स्पीकर दिले म्हणून ५.१ लिहिले, असा बचाव होऊ शकतो, पण ग्राहक स्पीकरच्या डब्या मोजून पैसे देत नाही. चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजासाठी देतो. इनपुट दोनच चॅनेलचे आहे, हे खोक्यावर '५.१'एवढ्याच मोठ्या अक्षरांत असायला हवे. दुकानातही मोठ्या आवाजात गाणे लावून दाखवले जाते, ज्यातून खर्ज सोडून काहीच कळत नाही. गिऱ्हाईकाने संचाची पाठ दाखवायला सांगावी आणि ५.१ आवाजाचा चित्रपट लावायला लावावा.

चुकीचे सांगून विक्री झाली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागता येते. पहिला टप्पा म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'ई-जागृती' पोर्टलवरून ती घरबसल्याही दाखल करता येते. त्यासाठी पक्के बिल आणि '५.१'चा दावा छापलेले खोके लागेल. तेव्हा ते भंगारवाल्याला देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.