बेस जाणवायचा नसतो, ऐकायचा असतो

आमच्या मोहाडीकडं 'बेस' म्हणजे छान, झकास. भाजी बेस झाली, पाऊस बेस पडला. त्यामुळं मी बेस गिटार वाजवतो म्हटलं की म्हातारी माणसं कौतुकानं म्हणतात, "बेस वाजवतं तं चांगलंच हाय ना बाबू." पुढचा प्रश्न मात्र ठरलेला: "पन तुहं वाजते कोनतं?"

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसभर जत्रा, रात्री दंडार, नाटक, नाहीतर ऑर्केस्ट्रा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मंडईत आम्ही पहाटेपर्यंत वाजवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर व्हिडिओ आले. त्यात गायिका होती, कीबोर्ड होता, पॅड तर कानठळ्या बसवत होतं. मीही होतो, मान डोलावत, घामाघूम. पण माझा एकही स्वर नव्हता. आठवडाभरात ऑर्केस्ट्राच्या मालकानं हिशोब मांडला: पुढच्या मंडईला बेसवाला कशाला? कीबोर्डवाल्याचा डावा हात पुरे, एक मानधन वाचेल.

मी भांडायला गेलो, तर साउंडवाल्यानं मला समजावलं. "अरे, बेस जाणवायचा असतो, ऐकायचा नसतो." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते मोठ्या समजुतीच्या सुरात सांगितलं जातं आणि सांगणारा बहुतेक वेळा तुमचा आवाज कमी करत असतो. माझा सगळा राग या वाक्यावर आहे.

आधी साधी गोष्ट बघू. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो. पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८. आता हातातला फोन बघा. त्याचा स्पीकर नखाएवढा. इतका खालचा स्वर त्यातून बाहेर पडणं शक्यच नाही. तरीही काही गाण्यांत फोनवर बेस ऐकू येतो. तो कसा? तार एकट्या ४१ वर कधीच हलत नाही. तिच्यातून ८२, १२३, १६४ अशा चढत्या कंपनांची पूर्ण शिडी निघते. फोन खालच्या पायऱ्या गाळतो, वरच्या ऐकवतो आणि आपला मेंदू त्यांवरून गाळलेला स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे जाड स्वर 'जाणवायला' सुद्धा आधी त्याच्या वरच्या पायऱ्या कानावर पडाव्या लागतात. तार मेलेली असेल तर त्या पायऱ्याच नसतात. मग मेंदू भरणार तरी काय?

मंचावरही हेच. ४० ते १०० च्या त्या पट्ट्यात आमच्याकडं पॅडचा दणका असतो, डीजेच्या पेट्या असतात आणि शेजारच्या गल्लीत धुमाल चालू असेल तर विचारूच नका. तिथं बेसचा आवाज वाढवणं म्हणजे बाजारात आणखी एकानं ओरडणं. साउंडवाला वाढवतो, सगळं गदगदतं, मग तो पुन्हा कमी करतो. बेसला जागा हवी ती वर, जिथं तारेचा कडकडाट आणि खणखण असते. ती मिक्सरच्या बटणानं पैदा होत नाही. बटण असलेलंच वाढवतं. नसलेलं आणायला तार बदलावी लागते.

हे काही माझं संशोधन नाही. १९६५ मध्ये 'द हू' या ब्रिटिश बँडच्या जॉन एन्टविसलला 'माय जनरेशन' गाण्यात बेसचा स्वतंत्र तुकडा वाजवायचा होता. हवा तसा चमकदार आवाज त्याला डॅनइलेक्ट्रो गिटारच्या बारीक तारांत सापडला. पण तारा तुटायच्या आणि तशा सुट्या तारा लंडनमध्ये मिळेनात. त्यानं स्वतः सांगितलेली हकिकत अशी की, तारांसाठी त्यानं नवी गिटारच विकत घेतली, एकदा नाही, तीनदा. शेवटी रेकॉर्डिंग दुसऱ्याच गिटारवर झालं. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, तो रोटोसाउंडच्या जेम्स हाऊकडं गेला आणि दोघांनी मिळून गोल तारेचं वेष्टण असलेल्या स्टीलच्या बेस तारा घडवल्या. 'स्विंग बेस ६६' नावानं त्या आजही विकल्या जातात. लोक म्हणतात, पहिल्यांदा चांगली गिटार घे, तारा नंतर बघू. इथं एक माणूस तारांसाठी गिटारी घेत होता.

आता निवड करायची कशी, ते रोखठोक सांगतो. बेसच्या तारेत मधे एक गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. गुंडाळलेली तार चपटी असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत, आवाज मऊ आणि मुका. गोल असेल तर बोटाला खरखर लागते आणि आवाज उघडा. आक्रमक आवाज हवा तर गोलच. मग धातू. शुद्ध निकेल सगळ्यात उबदार. निकेलचा मुलामा दिलेलं स्टील मधलं, दुकानात बहुधा हेच हातात देतात. स्टेनलेस स्टील सगळ्यात लख्ख. जाडी ४५ ते १०५ ही नेहमीची, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. ४० पासून सुरू होणारा बारीक संच जास्त झणझणतो, पण जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली लवकर लटपटतो आणि फ्रेटवर आपटतो. पिकनं, ब्रिजच्या जवळ, अंगातली ताकद लावून वाजवत असाल तर ४५ ते १०५ चं स्टील घ्या आणि वाद संपवा.

वाद संपत नाही, हे मला माहीत आहे. कोणीतरी जेम्स जेमर्सनचं नाव घेतोच. मोटाउनच्या किती गाण्यांचा कणा त्या माणसानं चपट्या, जाड तारांवर, एका बोटानं वाजवला आणि तारा तुटल्याशिवाय तो सहसा बदलायचाही नाही. सगळं खरं. पण तो स्टुडिओत वाजवत होता, आवाज पकडायला निष्णात माणसं बसलेली होती. त्याला पॅड आणि जनरेटरच्या मधे उभं केलेलं नव्हतं. दुसरा दाखला आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा. तो चपट्या तारा वापरतो, तरी त्याचा बेस घोड्याच्या टापांसारखा खडखडतो. हे मात्र माझ्याच बाजूचं आहे, कारण तो प्रत्येक कार्यक्रमाला नवी तार चढवतो. चमक ताजेपणात असते. दोन वर्षांच्या गंजक्या तारेवर 'आवाज बोटांत असतो' म्हणणाऱ्यांनी हॅरिसच्या तारांचा खर्च एकदा मोजावा.

आणि हा खणखणाट विलायती आहे, आपल्या कानाला तो रुचत नाही, असंही मला ऐकवलं गेलंय. आपला कान? गोंधळात तुणतुणं काय करतं? एक लाकडी नळा, एक कातडं, एकच तार आणि तीही चिरकी. संबळाच्या दणक्यातूनही ती शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा ते दुसरं काय करतात? घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून वरच्या पायऱ्या मोकळ्या करतात. लख्ख तार आपल्याला कधीच परकी नव्हती. मोहाडी, आंधळगाव भागात मागावर कोसा विणतात. त्याचं मोल त्याच्या अंगच्या खरखरीतच आहे. तो गुळगुळीत नाही म्हणून आमच्याकडं त्याला कोणी नाकारत नाही.

तोटे लपवणार नाही. स्टील फ्रेट खातं. फ्रेट बहुधा 'निकेल सिल्व्हर'चे असतात, ज्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. स्टील त्यापेक्षा कठीण. बोटं पहिले दोन आठवडे सोलतात. आणि पैसा! एक चांगला संच माझ्या एका रात्रीच्या मानधनाहून महाग. चमक तर महिन्याभरात उतरते, कारण वेष्टणाच्या फटींत घाम आणि मळ बसतो. मग मी तारा काढून उकळतो. पहिल्यांदा उकळल्या तेव्हा आई चुलीपाशी येऊन थबकली. "माह्या गंजात काय शिजवून रायला रे?" मी म्हटलं, तारा. ती म्हणाली, "शिजल्या का सांगजो, वरन घालतो." उकळून मळ सुटतो, चमक काही दिवसांसाठी परत येते, पण तारा लगेच कोरड्या पुसल्या नाहीत तर गाभा गंजतो. हा गरिबाचा उपाय आहे, कायमचा नाही.

मालकाच्या हिशोबाचं उत्तर म्हणून मी पदरचे पैसे घालून स्टीलच्या तारा चढवल्या आणि पुढच्या मंडईत फुकट वाजवतो म्हणालो, एकच रात्र. दुसऱ्या दिवशी स्टेटस उघडले. फोनच्या त्या नखाएवढ्या स्पीकरमधून मी ऐकू येत होतो. ढोलकीच्या मागोमाग, प्रत्येक स्वर सुटा. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला मी चुकलो होतो, तेही स्वच्छ ऐकू येत होतं.

ती चूक ऐकली आणि त्या वाक्याचा माझ्यापुरता अर्थ लागला. 'जाणवायचा असतो' हे ऐकवणाऱ्याला सोयीचं असतंच, पण वाजवणाऱ्यालाही ते सोयीचं असतं. ऐकूच येत नसेल तर सरावाची गरज नाही. मुक्या तारांच्या आड मी चार वर्षं लपून बसलो होतो. मालकानं मला काढायचं ठरवलं त्यात त्याची कंजुषी होती, हे मी आजही म्हणेन. पण त्या चार वर्षांत मी काय वाजवत होतो, हे मलाही धड ठाऊक नव्हतं.

म्हणून पैसे साठत असतील तर नवी गिटार, पेडल, मोठा अँप यांच्या आधी तारा घ्या. स्टीलच्या, गोल, नव्या. साउंडवाला तेच वाक्य म्हणाला तर त्याच्या फोनवर कालचा व्हिडिओ लावा. मी या वर्षी मंडईला पुन्हा जातोय, मानधन घेऊन. तिसऱ्या गाण्याचा अंतरा रोज रात्री घोकतोय.