पत्र्याचा इतिहास : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची चॅसी कोणत्या धातूची?

१/ घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांत एक जुना वाद आहे : चॅसी अ‍ॅल्युमिनियमची की पोलादाची? कोणत्या धातूने आवाज अधिक गोड येतो? इतिहास पाहता हा प्रश्नच उलट्या टोकाने धरलेला दिसतो. धातूची निवड कानांनी क्वचितच केली. ती हत्यारांनी, वजनाने आणि विजेच्या धोक्याने ठरवली. 🧵

२/ आरंभी धातू नव्हताच. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फियाच्या अ‍ॅटवॉटर केंट कंपनीचे रेडिओ लाकडी फळीवर उघडेच मांडलेले असत. हौशी मंडळी पाव कापायची फळीही वापरत. ‘ब्रेडबोर्ड’ हा शब्द तिथलाच. हे सारे चालून जाई, कारण वीज बॅटरीची होती.

३/ १९२७ च्या सुमारास अमेरिकेत थेट घरगुती विजेवर चालणारे संच बाजारात आले. जड ट्रान्सफॉर्मर पेटीत शिरला आणि त्याच्यासोबत विजेची घरघरही. शिवाय वर्धन वाढले, तसे एका टप्प्याला दुसऱ्यापासून आडोसा देणे भाग पडले. वजन पेलणे, आडोसा देणे आणि सर्व मंडलांना एक समाईक जोड पुरवणे ही तिन्ही कामे धातूच्या पत्र्याने एकट्याने उचलली.

४/ मात्र धातू आला म्हणजे सुरक्षितता आली, असे नव्हे. पुढील काळातील अमेरिकेच्या स्वस्त पाच-व्हॉल्व्ह रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच वगळला गेला. त्यांतील अनेक संचांत चॅसी विजेच्या एका तारेला थेट जोडलेली असे. प्लग उलटा बसला की पत्रा विजेने भारला जाई. माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये उरत ती पेटी आणि बेकेलाइटची बटणे.

५/ १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांची रचना प्रसिद्ध झाली : १५ वॅट, विकृती ०.१ टक्क्याहून कमी. जगभर ती घरोघरी बांधली गेली. त्या वेळी ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. १९४८ च्या लँड रोव्हरचा सांगाडा सोडून वरचे कवच अ‍ॅल्युमिनियमचे झाले, ते याच कारणाने. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला हातड्रिल आणि कानस पुरते. घरच्या टेबलावर काम करणाऱ्याला हेच निर्णायक होते.

६/ उलट उदाहरण लंडनचे. १९६२ मध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातून निघालेल्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या सुरुवातीच्या चॅसी अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. पुढे कंपनी पोलादाकडे वळली. जड ट्रान्सफॉर्मर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पेटीला मजबुती हवी होती, आणि कारखान्याच्या यंत्रांना पोलादाचे वावडे नव्हते.

७/ भौतिकशास्त्राचा वाटा आहेच. पोलाद चुंबकीय असल्याने ट्रान्सफॉर्मरचे विखुरलेले क्षेत्र पत्र्यातून पसरू शकते. अ‍ॅल्युमिनियम ते वाहून नेत नाही, पण ५० हर्ट्‌झचे क्षेत्र फारसे अडवतही नाही. घरघर कमी करायची तर ट्रान्सफॉर्मरची दिशा आणि अंतर धातूइतकेच महत्त्वाचे ठरतात. अ‍ॅल्युमिनियमला साधा डाख धरत नाही. तिथे बोल्ट आणि दातेरी वायसरच हवा. तांब्याला डाख उत्तम बसतो, पण ते महाग आणि मऊ.

८/ म्हणून निवड सरळ आहे. हातहत्यारे असतील तर सुमारे २ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा घ्यावा, आणि ट्रान्सफॉर्मर दुमडलेल्या कडेजवळ बसवावेत; मध्यभागी पत्रा वाकतो. पत्रा कापून वाकवून देणारा कारागीर जवळ असेल आणि ट्रान्सफॉर्मर भारी असतील, तर पोलाद.

९/ या चर्चेत खरे पणाला लागते ते आवाजापलीकडचे. आज लाकडी फळीवर उघडे मांडलेले अ‍ॅम्प्लिफायर छायाचित्रांत मोहक दिसतात. पण १९२२ ची बॅटरी आता तिथे नाही. त्या तारांत ३०० ते ४५० व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर भार धरून राहतात. धातूची बंद चॅसी, तिला स्वतंत्र बोल्टने घट्ट जोडलेली अर्थिंगची तार आणि योग्य फ्यूज : आतली तार सुटून पत्र्याला टेकली, तर फ्यूज जातो, माणूस नव्हे.

१०/ तंत्रज्ञानाच्या इतिहासात फ्लेमिंग यांची १९०४ ची नळी आणि डी फॉरेस्ट यांचा ऑडिऑन यांना मानाचे पान मिळते. त्याच नळ्या विजेच्या जोडणीसह दिवाणखान्यात नांदू शकल्या, त्यामागे या मुक्या पत्र्याचा मोठा हात आहे. त्यामुळे संग्रहालयात जुना अ‍ॅम्प्लिफायर दिसला, तर चमकणाऱ्या नळ्यांइतकेच लक्ष खालच्या पत्र्याकडेही द्यावे. भोके हाताने पाडली की यंत्राने, अर्थिंगचा बोल्ट आहे की नाही, यावरून तो कोणी आणि कोणत्या परिस्थितीत बांधला हे बरेचसे कळते.