शब्दांचें गणगोत : मंडळी किती ?

मेळा, फड, ताफा, दिंडी, पथक, बारी, मंडळी, संच ! गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या समुदायाला मराठींत इतकीं नांवें कशाला हवींत, असें एखाद्यास वाटेल. दोघांना एक शब्द, दहांना दुसरा, शंभरांना तिसरा, अशी कांहीं सोय त्यांत असावी, अशीहि समजूत होते. परंतु थोडें जवळ जाऊन पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, हे शब्द माणसें मोजीत नाहींत. त्या माणसांचें एकमेकांशीं नातें काय, तें सांगतात.

याची परीक्षा पाहण्यास रत्नागिरीनजीकचें पाली हें गांव मोठें सोयीचें आहे. हातखंब्याहून येणारा रस्ता येथें फुटतो. एक वाट लांज्यावरून गोव्याकडे उतरते. दुसरी नाणिजावरून आंबा घाट चढून कोल्हापुराकडे जाते. वाटा दोन, तसे शब्दहि दोन प्रांतांचे.

घाटाखालीं शिमग्यांत दारोदार येतात ते ‘खेळे’. मृदंग-टाळ वाजत असतात, संकासुर उड्या मारीत असतो, गोमूच्या वेषांत पुरुष नाचत असतो. येथें समुदायाला निराळें नांवच नाहीं. जे खेळतात ते खेळे, आणि ते जें करतात तेंहि खेळे ! जाखडींतहि नाचणारे फेर धरतात आणि गाणारे-वाजवणारे मध्यें बसतात. पण ओळख विचाराल तर संख्या कोणी सांगणार नाहीं. ‘आम्ही शक्तीवाले’ किंवा ‘आम्ही तुरेवाले’ हेंच उत्तर येईल. भजनाच्या सामन्याला कोंकणांत ‘डबलबारी’ म्हणतात. दोन बुवा, दोहोंचे टाळकरी, पखवाज, पेट्या, अशी वीसपंचवीस माणसें जमलेलीं असतात. तरी शब्द दोनच मोजतो, कारण तो माणसें मोजीत नसून पाळ्या मोजतो. बारी म्हणजे पाळी.

घाटावर हीच ‘बारी’ तमाशांत निराळा वेष घेते. संगीत बारींत गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया मुख्य, वादक मोजके. ढोलकीच्या तमाशाचा मात्र ‘फड’. त्यांत सोंगाड्या आला, नाच्या आला, वग आला. हाच फड कुस्तीचा असतो, उसाचा असतो आणि वारकऱ्यांचाहि असतो ! जेथें पुष्कळ माणसें एका म्होरक्याच्या सांगण्यानें कामाला लागतात, तेथें फड. दिंडीचें तसें नाहीं. तेथें प्रत्येकानें आपल्या ठरल्या जागीं चालावयाचें, आणि दिंडीनेंहि आपली जागा सोडावयाची नाहीं. श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीसोहळ्यांत रथापुढें २७ दिंड्या चालतात. प्रत्येकीचा क्रम ठरलेला असतो. माणसें वाढोत वा घटोत, दिंडी एकच.

आतां आपल्या घरांतला शब्द घेऊं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तें किर्लोस्कर नाटक मंडळीचें. पुढें १९१३ त गंधर्व नाटक मंडळी आणि १९१८ त बलवंत संगीत मंडळी निघाली. दोन्हीं किर्लोस्करांतून फुटून. ‘फुटणें’ हें क्रियापद पाहा : तें आपण एकत्र कुटुंबाविषयींच योजीत आलों. कारण उघड आहे. नाटक मंडळीचें बिऱ्हाड एक, चूल एक, पंगत एक. ‘घरची मंडळी जेवायला बसली’ असें आपण म्हणतों त्याच अर्थानें ती मंडळी होती. इतकेंच काय, ‘आमची मंडळी माहेरीं गेली आहे’ असें एखादा गृहस्थ म्हणे, तेव्हां ती मंडळी एकटीच असे ! एका माणसापासून शंभरांपर्यंत हा शब्द ताणतो. तुटतो तो फक्त चुली वेगळ्या झाल्या म्हणजे.

कांहीं शब्दांचें नशीब मात्र चमत्कारिक निघालें. ‘ताफा’ हा अरबी ‘ताइफा’चा वंशज. पूर्वीं कलावंतिणींचा ताफा असे, वाजंत्र्यांचा ताफा असे. आज वर्तमानपत्रांत ताफा असतो तो मंत्र्यांच्या मोटारींचा. शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. ज्या स्त्रियांच्या नांवाशीं तो जोडलेला होता, त्यांना मात्र ती मिळाली नाहीं. उलट ‘पथक’ घोडदळांतून आलें आणि गणेशोत्सवाच्या ढोलताशांत रमलें. शिस्तीचा अर्थ तेवढा त्यानें सोडला नाहीं.

आणि आपल्या घरच्या मंगळागौरीचें काय ? फुगडीला दोघी, झिम्म्याला चौघी, फेराला जितक्या असतील तितक्या. पण त्या समुदायाला नांवच नव्हतें. नांवाची गरज पडते ती पाहणारे वेगळे बसल्यावर. घरांत पाहणारी कोणी नव्हतीच. सासू, जाऊ, नणंद, सगळ्याच खेळणाऱ्या. आज मंगळागौरीचे खेळ व्यासपीठावर होतात, बिदागी ठरते, आणि त्या भगिनींना ‘ग्रुप’ असें नांव घ्यावें लागतें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण घरची प्रेक्षकसंख्या वाढली आणि खेळणाऱ्या घटल्या, ही बातमी तो लहानसा शब्द देऊन जातो.

हल्लीं खेळे, फड, दिंडी, मंडळी या सर्वांनाच ‘ग्रुप’ किंवा ‘पार्टी’ म्हणण्याची रीत पडली आहे. त्यानें काम अडत नाहीं. परंतु म्होरक्या कोण, पाळी कोणाची, कोण कोणाच्या मागें चालतो आणि कोण कोणाबरोबर जेवतो, हें सारें त्या एका शब्दाखालीं झांकून जातें. म्हणून पूजेच्या वा उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर कलावंतांचें नांव घालतांना वाचकांनीं एवढेंच करावें : ते स्वतःस जें म्हणवितात, तोच शब्द छापावा. आणि मंडळी किती, हें स्वयंपाकघरासाठीं निराळें विचारून घ्यावें. तें शब्द सांगणार नाहीं.