भिंतीबाहेरचा मित्र

काय दोस्तांनो, निर्मळला गेलाय का कधी? नालासोपारा स्टेशनला उतरून पश्चिमेकडे निघालं की हे गाव लागतं. तिथे तळं आहे, शंकराचार्यांचं समाधी मंदिर आहे, कार्तिकात तिथे मोठी जत्रा भरते. जवळच चर्चही आहे. वर्गात हजेरी घेताना जोशी, पाटील, म्हात्रे यांच्याबरोबर परेरा, डिसोजा, लोपीस ही नावंही येतात. ती कुठून आली? १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं ना, तेव्हापासूनची.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथलं पोर्तुगीज राज्य संपलं. पण गोव्यात? गोव्यात ते पुढे आणखी २२२ वर्षं टिकलं! भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, तरी गोवा पोर्तुगालकडेच राहिला. तिकडे लिस्बनला सालाझार नावाचा हुकूमशहा बसला होता. त्याच्या राज्यात वर्तमानपत्र छापण्याआधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवावं लागे. त्याने निळ्या पेन्सिलीने रेघ मारली की ती बातमी गेलीच. अहो, वर्तमानपत्राचं सोडा, गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा आधी मंजूर करून घ्यावी लागे! कोण जाणे, ताईच्या लग्नाच्या आमंत्रणात कुणी स्वातंत्र्याची सभा लपवली असेल तर?

यालाच म्हणतात सेन्सॉरशिप. लोकांनी काय वाचायचं, काय ऐकायचं, काय बोलायचं, हे सरकारने ठरवायचं. भोवती उंच भिंत बांधावी तसं.

मग भिंतीच्या आतल्या माणसाला बाहेरची बातमी कळणार कशी?

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्यात शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कित्येक जण जागीच ठार झाले. यानंतर भारत सरकारने गोव्याची सरहद्द बंद केली. झालं, येणंजाणंही थांबलं. आता गोव्यातल्या लोकांच्या कानावर पडणार ते फक्त पोर्तुगीज सरकार सांगेल तेवढंच.

अशा वेळी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे दोन तरुण कार्यकर्ते आणि त्यांचे साथीदार आंबोलीच्या जंगलात जाऊन राहिले. आंबोली म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत जास्त पावसाचं एक ठिकाण. सोबतीला साप, जळवा आणि रात्रीची जनावरं. पण ते उंच घाटमाथ्यावर आहे आणि गोवा तिथून जवळ. माणसाला सैनिक अडवतो, रेडिओच्या लहरीला कोण अडवणार? २५ नोव्हेंबर १९५५ पासून तिथून आवाज जाऊ लागला. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. पोर्तुगीज नाव होतं ‘व्होझ दा लिबर्दादे’, म्हणजे ‘स्वातंत्र्याचा आवाज’. गोव्याबद्दल जगात काय बोललं जातंय, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत काय चाललंय, हे सगळं गोव्यातली माणसं दाराला कडी लावून, रेडिओचा आवाज बारीक करून ऐकू शकत होती.

पुढे हे केंद्र कर्नाटकाच्या बाजूला कॅसलरॉकला गेलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल सहा वर्षं ते चाललं! १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेव्हा या दोघांनी विमानातून गोव्यावर फिरून ध्वनिक्षेपकावरून लोकांना ही बातमी सांगितली. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती, बरं का!

आता जरा मागे जाऊ. १९४२ साली ‘चले जाव’ चळवळीत मुंबईतही एक गुप्त रेडिओ होता. उषा मेहता आणि त्यांच्या मित्रांचा ‘काँग्रेस रेडिओ’. विदर्भातल्या आष्टी-चिमूरची जी बातमी वर्तमानपत्रांना छापता येत नव्हती, ती या रेडिओने दिली. पोलीस मागावर, म्हणून त्यांना सारख्या जागा बदलाव्या लागत. ऑगस्टमध्ये सुरू झालेला रेडिओ १२ नोव्हेंबरला पकडला गेला. तीन महिनेही झाले नव्हते. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

एक रेडिओ तीन महिने, दुसरा सहा वर्षं. फरक कशाचा? हिमतीचा नाही, ती दोघांकडे सारखीच होती. फरक जागेचा! उषाताई भिंतीच्या आत होत्या. लिबियाताई भिंतीच्या बाहेर, स्वतंत्र भारताच्या भूमीवर उभ्या होत्या. आतल्या माणसाला बाहेरचा मित्र असला की भिंत निम्मी होते.

आजच्या भिंती इंटरनेटवर आहेत. चीनमध्ये २००९ पासून फेसबुक बंद आहे, २०१९ पासून सगळ्या भाषांमधला विकिपीडिया बंद आहे. इराणमध्ये २०२२ साली महसा अमिनी या तरुणीचा कोठडीत मृत्यू झाला, लोक रस्त्यावर आले, आणि सरकारने इंटरनेटवर आणखी बंधनं घातली. तेव्हा कामाला आला ‘स्नोफ्लेक’, म्हणजे हिमकण. जिथे बंदी नाही अशा देशातला कुणीतरी आपल्या संगणकावर हा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवतो. इराणमधल्या मुलीचा निरोप आधी त्याच्याकडे येतो, तिथून ‘टॉर’ नावाच्या जाळ्यात शिरतो आणि मग हव्या त्या पानापर्यंत पोहोचतो. पहारेकऱ्याला मात्र दोन माणसं व्हिडिओवर बोलताहेत असंच वाटतं. त्याने एक हिमकण पकडला तर दुसरे हजारो आहेतच. ती मुलगी कोण, हे मदत करणाऱ्यालाही कळत नाही. ते बरंच आहे. कारण पकडली गेली तर शिक्षा तिला होणार, आपल्याला नाही.

आता तुमच्यातला एखादा चतुर हात वर करील. “मग आईने फोनला लावलेलं कुलूप तोडलं तर ते स्वातंत्र्ययुद्धच की!”

थांबा, महाराज! कुठल्याही कुलपाला तीन प्रश्न विचारायचे. हे का लावलं, ते उघडपणे सांगितलंय का? ते कधी निघणार? आणि “का?” असं विचारलं तर शिक्षा होते का? आई कारण सांगते, तुम्ही मोठे झालात की कुलूप काढते, आणि विचारलंत तर फार तर डोळे वटारते. सालाझारच्या राज्यात विचारणाराच तुरुंगात जायचा.

हेच प्रश्न आपल्या सरकारलाही विचारायचे असतात बरं का. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद झालं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने सांगितलं, की असे आदेश जाहीर केले पाहिजेत आणि इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही. विचारण्याची सोय आहे, म्हणून हे उत्तर मिळालं. ती सोय जपायला हवी.

आणि हो, मोठ्यांना विचारल्याशिवाय संगणकावर काहीही बसवू नका. पण एक काम आजपासून करता येईल. फोनवर आलेला निरोप खरा आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे धाडायचा नाही. दाराला कडी लावून ऐकणारा माणूस मोठा धोका पत्करत असतो. इतकं करून त्याला थाप ऐकायला मिळाली तर?

या रविवारी आजी-आजोबांना विचारा, १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात वर्तमानपत्रं कशी निघायची? बातम्या कोण तपासायचं? उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!