दुनळी बंदुकीची नक्षी आणि नळीखालची अक्षरे

जुन्या दुनळी बंदुका जमवणाऱ्यांचा एक लाडका शब्द आहे: दमास्कस. नळीवर कुरळ्या रेषा दिसल्या की तो उच्चारला जातो आणि किंमत वाढते. माझ्या मते या एका शब्दाने बंदुकीच्या इतिहासाचे बरेच नुकसान केले आहे. थ्रेड थोडा लांब आहे.

दमास्कस तलवार आणि दमास्कस नळी यांचे नाते बहुतांशी नावापुरते आहे. तलवारीचे जौहर मुशीत तयार झालेल्या पोलादाच्या अंगचेच असते. दक्षिण भारतातील वूट्झ ते हेच. नळीची नक्षी मात्र ऐरणीवर घडते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून एकजीव करायच्या. त्यांची सळई ओढायची आणि ती लाल असतानाच तिला दोराप्रमाणे पीळ द्यायचा. अशा दोन, तीन, कधी सहा सळया शेजारी जोडून फीत करायची, ती दांड्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळायची आणि पुन्हा ठोकून सांधायची. शेजारच्या सळयांचा पीळ उलटसुलट ठेवला जाई. शेवटी मुद्दाम गंज चढवला की तो दोन धातूंवर वेगवेगळा बसतो आणि नक्षी उमटते. (आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांच्या नळ्याही कित्येकदा याच तत्त्वाने घडवलेल्या आढळतात.)

म्हणून नक्षी ओळखणे म्हणजे ही घडण उलट्या क्रमाने वाचणे. आधी फितीची कड शोधावी, मग एका फितीत किती सळया आहेत ते मोजावे. बारीक कुरळे वळसे दिसले तर बेल्जियमची ‘क्रोले’. पीळ न दिलेली साधी फीत गुंडाळली असेल तर रेषा नळीभोवती तिरक्या, सरळ धावतात. तिला दमास्कस म्हणणे चूकच. ‘लॅमिनेटेड स्टील’ पुन्हा निराळे. एकोणिसाव्या शतकात साध्या पोलादी नळीवर कागदी ठशाने आणि आम्लाने खोटी नक्षीही उठवत. ती वर मोहक असते. लाकडी भाग काढून खाली पाहिले की बरेचदा अर्ध्यावरच संपते.

आणि खालीच पाहायला हवे, हा माझा खरा मुद्दा. बाजूच्या पट्टीवर कोरलेले नाव विक्रेत्याचे असते, आणि तेही खोटे असू शकते. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्रज कारखान्याच्या लौकिकावर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ अशा नावाच्या स्वस्त बेल्जियन बंदुका खपवल्या गेल्या. नळ्यांच्या पोटाशी मात्र लिएजच्या चाचणीगृहाचा ‘ई-एल-जी’ हा शिक्का सापडतो, आणि कधी त्याच्या शेजारी नळी घडवणाऱ्याची आद्याक्षरे. ‘एल-एल-एच’ म्हणजे लोराँ लोशे-आब्राँ. लिएजजवळच्या वेद्र नदीच्या खोऱ्यात कित्येक कुटुंबे हेच काम करत. त्यांच्या हातची नळी इंग्लंडात जाई, तिच्यावर इंग्रजी नाव चढे आणि घडवणारा लाकडाखाली झाकला जाई.

दुर्दैवाने आज पुष्कळ संग्राहक नक्षी ‘उठून दिसावी’ म्हणून नळी घासतात आणि पुन्हा आम्ल लावतात. मूळचा गंजलेप जातो, शिक्के पुसट होतात, नळीची जाडीही घटते. छायाचित्र सुंदर येते. पुरावा मात्र गेलेला असतो. मळकी पण अस्पर्श नळी मला शंभर पटींनी मोलाची वाटते.

‘दमास्कस नळी म्हणजे फुटणारच’ हेही अर्धसत्य आहे. १८८८ साली बर्मिंगहॅमच्या चाचणीत अशा सांधलेल्या नळ्या व्हिटवर्थच्या ओतीव पोलादाच्या तोडीस तोड ठरल्या होत्या. त्या मागे पडल्या, कारण ओतीव पोलाद स्वस्त झाले. तरीही बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या आहेत, आणि आतला गंज, झिजलेली भिंत डोळ्यांना दिसत नाही. आजचे काडतूस त्यांत घालून पाहण्याचा मोह कुणी करू नये.

तुमच्या पाहण्यात अशी बंदूक आली, तर छायाचित्र नक्षीचे नको, नळीच्या पोटाचे काढा.